अर्ध्या तासाचं नेट

मेघालीच्या हातातल्या कुपनावर चार बावीस छापलं होतं. म्हणजे चार बावन्नला नेट बंद, आणि पाचला नर्सिंगची सीट बंद. पाचच्या आत 'कन्फर्म' दाबलं नाही तर सीट यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार होती.

तिच्या गावचा, दिघाशीचा टॉवर कालपासून मेलेला. भिवंडीत सायबरवाल्याकडे यावं, तर त्याच्या गल्लीत लाइट गेलेली. मेघालीच्या फोनची सिमची खाच मोडली होती. वायफाय मिळालं तर तो फोन, नाहीतर नुसता आरसा. कुणाकडे नेट मागावं तर ओळख ना पाळख. शेवटी बायपासवरच्या या काचेच्या कॉफीच्या दुकानात ती जीव मुठीत धरून शिरली.

काउंटरवरच्या मुलीच्या छातीवर नाव होतं, उन्नती. ती म्हणाली, "मॅम, वायफाय सेपरेट आहे. हाफ अवरचं कुपन नव्वद. ऑर्डर कम्पल्सरी." सगळ्यात स्वस्त कॉफी एकशे चाळीसची. आईनं दिलेल्या अडीचशेतले वीस उरले. एवढ्यात महिन्याचा रिचार्ज होतो, आणि इथे हवेतलं नेट अर्धा तास. पण गरजवंताला अक्कल नसते.

साइट उघडली. नंबर टाकला. ओटीपी गेला, आणि मेघालीच्या पाचावर धारण बसली. तो गेला होता बापाच्या फोनवर. फॉर्म भरताना तिनंच दौलतचा नंबर दिला होता, आणि दौलत या वेळी कामतघरला कापडाच्या लूमवर ड्युटीला होता.

उन्नतीनं काउंटरचा फोन पुढे सरकवला. दोनदा घंटा वाजून वाजून बंद झाली. लूमच्या खडखडाटात माणसाला माणूस ऐकू येत नाही, तिथे फोन कुठला. तिसऱ्यांदा त्यानं उचलला.

"हॅलो बाबा, मी मेघाली बोलतेय. तुमच्या फोनवर सहा आकडी नंबर आला असेल. तेवढा सांगता का?"

"कोन मेघाली?" दौलत म्हणाला.

मेघालीला आपलेच शब्द आठवले. गेल्याच महिन्यात शेजारच्या हरेशचं खातं असंच रिकामं झालं होतं. फोनवर त्याच्या बहिणीचा आवाज होता म्हणे. त्याच संध्याकाळी मेघालीनं बापाला समोर बसवून दम दिला होता, "माझ्या आवाजात कोनी मागितला तरी नंबर द्यायचा न्हाय. आजकाल आवाजपन बनवतात. सरळ फोन कापायचा." जन्मात कुणाचं न ऐकणाऱ्या दौलतनं नेमकं हेच कानात साठवून ठेवलं होतं.

"बाबा, मीच आहे. आईचं नाव बायजाबाई."

"ते आधार कार्डावर पन हाय."

"आपलं गाव दिघाशी."

"ते पन हाय." त्याचा आवाज कापायला लागला. "माज्या पोरीचा आवाज कुठनं घेतलास? कुठं हाय ती?"

आणि फोन कापला. शिकवलं होतं तसाच.

चार एकेचाळीस. तिनं पुन्हा लावला, त्यानं पुन्हा कापला. ओटीपी दहा मिनिटांचा. पहिला वाया गेला. तिनं दुसरा मागवला. तीन वर्षांचा अभ्यास, आईनं पै पै जमवून भरलेली फॉर्मची फी, सगळं एका आकड्यावर येऊन टांगलं होतं, आणि तो आकडा सांगणारा माणूस तिलाच चोर समजत होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ. तिला रडू येत होतं, पण रडायलाही वेळ नव्हता.

चार सत्तेचाळीसला त्यानं उचलला. तिनं काही बोलण्याआधीच तो म्हणाला, "पैसं पायजेल तर घे. पन माज्या पोरीला हात नको लावू."

"बाबा, तुम्ही घाबरू नका, माझं ऐका ना..."

"माजी पोर मला कवा 'तुमी' म्हनली न्हाय!" दौलत ओरडला.

खरंच की. या दारातून आत आल्यापासून ती हे कॉलेजातलं बोलणं अंगावर घालून बसली होती. चार टेबलांवर चार लॅपटॉप, थंडगार हवा, आणि मागे ऐकणारी माणसं. त्यांच्यापुढे स्वतःच्या बापाला 'ए बा' म्हणायची तिला लाज वाटली होती.

तिनं डोळे मिटले आणि घरातल्या पट्टीत आवाज लावला.

"ए बा! डोकं फिरलंय का तुजं? मी हाय, मी! सकाली डब्यात सुकट न्हाय दिली म्हनून तोंड फुगवून कोन गेला? नंबर सांग गपचूप, न्हायतर आयला सांगते, लूमवर बिड्या फुकतोस ते!"

लॅपटॉपवरच्या सगळ्या माना वळल्या.

"मेघे?" दौलत म्हणाला. "मग मघापासनं 'तुमी' काय करतंस?"

त्यानं शेवटचा आलेला नंबर शोधला आणि एकेक आकडा सांगितला. तिनं तो टाकला, आणि पडद्यावर चाक फिरत राहिलं. मग पाटी आली: आपली वेळ संपली आहे, कृपया नवीन कुपन घ्यावे.

ती उन्नतीकडे वळली. शहरी बोलणं आता आठवतच नव्हतं. "ताई, वीसच रुपये हायत माझ्याकडं. दोन मिनिटांचं नेट दे गो."

उन्नतीनं मॅनेजरच्या केबिनकडे पाहिलं. मग काउंटरवर वाकून हळूच म्हणाली, "स्टाफचा पासवर्ड हाय, घाल. कोनाला सांगू नको गो. मी पन इथलीच, राहनाल गावची हाय."

मेघालीनं 'कन्फर्म' दाबलं, आणि पाचला तीन मिनिटं असताना हिरवी खूण उमटली. ती काउंटरला धरून उभी राहिली आणि आता मात्र रडली. कॉफी केव्हाच गार झाली होती.

तेवढ्यात काउंटरचा फोन वाजला. उन्नतीनं ऐकलं आणि तिच्या हातात दिला.

"नंबर तुलाच दिला ना मी?" दौलतचा आवाज अजून कापत होता. "दुसऱ्या कोनाला न्हाय ना?"

"मलाच दिलास, बा. सीट झाली." मग तिच्या लक्षात आलं, पलीकडे खडखडाट नव्हता. रिक्षांचे हॉर्न होते. "बा, तू लूमवर न्हाय?"

"न्हाय. पैल्या फोनलाच निघालो. तुला शोधायला."

"कुठं शोधनार होतास?"

"काय म्हाईत," दौलत म्हणाला. "निघालो."