आधी काय संपलं?

बारकी साठीला टेकली होती, तरी घरात तिला बारकीच म्हणत. तीस वर्षं ती भाड्याच्या एका गाळ्यात शिवणकाम करत होती. चार मशिनं, चार बायका, शाळांचे गणवेश आणि दवाखान्यांच्या चादरी. त्या सोमवारी गाळ्याचा मालक येऊन म्हणाला, "ताई, मी आता विकून टाकतोय. तुम्हाला घ्यायचा तर आधी तुमचा हक्क, पण शुक्रवारपर्यंत सांगा. मोबाईलवाला रोज फोन करतोय." माणूस वाईट नव्हता हो. पण बारकी कर्ज मागायला बँकेत गेली, तर समोरच्या पोराने आधी तिचं वय विचारलं आणि मग पाणी.

पैसे नव्हते असं नाही. होते, आणि चांगले घसघशीत होते. बाबा गेल्यापासून आईच्या नावावर, त्यांनी जमवलेल्या शेअरच्या रूपात. पण त्यांना हात लावायचा नाही, हे त्या घरात पोरं चालायच्या आधी शिकायची. म्हणून बुधवारी दुपारी बारकी आई आणि दादाकडे आली, आणि पाऊण तास गुडघेदुखीवर बोलत बसली. गाळ्याचं नुसतं कानावर घातलं. मागायचं काही जमेना.

बाबा पंपांच्या कारखान्यात फिटर होते. एका वर्षी कारखान्याने कामगारांना स्वस्तात शेअर दिले. बाकीच्यांनी महिन्याच्या आत ते विकून रेडिओ घेतले, सायकली घेतल्या. बाबांनी कागद पत्र्याच्या डब्यात ठेवले. वर्षाने डिव्हिडंडचा पहिला चेक आला, तेव्हा आईच्या डोळ्यांसमोर कुकर नाचायला लागला. बाबा म्हणाले, "हा खायचा नाही. याचे अजून शेअर घ्यायचे."

आई चिडली नाही असं कोण म्हणेल? दोन दिवस भांड्यांचा नुसता दणदणाट!

पण घ्यायचे तरी कुठले? वर्तमानपत्रातलं आकड्यांचं पान बाबांना ओ की ठो कळत नव्हतं. मग त्यांनी आपली एक पद्धत काढली. चेक आला की संध्याकाळी कामाचे कपडे न बदलताच ते मोरीच्या दारात उभे राहायचे आणि ओरडायचे, "बोला, यंदा घरात सगळ्यात आधी काय संपलं?" की दोघं भावंडं सुटली धावत. कोणी साबणाची चिपटी आणायचं, कोणी चहाचा रिकामा पुडा. ज्याची वस्तू खरोखर आधी संपलेली, त्या कंपनीचे शेअर घ्यायचे. "आपलं संपतं म्हणजे सगळ्यांचंच संपतं," बाबा म्हणायचे, "आणि संपलं की माणूस परत आणतोच." आजचे सल्लागार टाय लावून तासभर बोलतात, तेव्हा कुठे एवढं सांगून होतं.

मग साबणाच्या डिव्हिडंडमधून चहाचे शेअर आले, चहाच्या पैशातून बल्बचे, बल्बच्या पैशातून पुन्हा साबणाचे. एका वर्षी दादाला टूथपेस्ट जिंकवायची होती. लबाडाने आठवडाभर रोज रात्री नळीच्या नळी मोरीत पिळली. आईने पकडलं, बदडलं, पण टूथपेस्ट संपली होती हे खरंच होतं. बाबा हसून हसून खाली बसले आणि दुसऱ्या दिवशी दलालाकडे जाऊन टूथपेस्टचे घेऊन आले. गंमत म्हणजे पुढे सगळ्यात जास्त वाढले ते तेच. दादा बँकेत साहेब होऊन निवृत्त झाला, तरी त्याचा तोरा अजून उतरलेला नाही.

काय दिवस होते ते! बारकीला आजही साबणाचं नवं वेष्टण फोडलं की ती संध्याकाळ आठवते. बाबांच्या हाताचा ग्रीसचा वास आठवतो.

पण त्याच दिवसांत एक गोष्ट अशीही झाली होती. एकोणिसाव्या वर्षी तिला दुसऱ्या शहरात, शिवणकामाच्या मोठ्या संस्थेत प्रवेश मिळाला. दोन वर्षांचा अभ्यास, वसतिगृह, भरपूर फी. पत्र आलं तेव्हा बाबांनी विचारलं, "मग?" आणि ती म्हणाली, "छे, मला नाही जायचं. एवढ्या लांब कोण जाणार!" त्या रात्री उशीत तोंड खुपसून ती रडली. पण शेअर मोडा असं म्हणायला तिची जीभ रेटली नाही.

चहाचे कप उचलता उचलता दादाच म्हणाला, "बारके, मला कळतंय तू कशाला आलीस ते. पण बाबांनी एकही शेअर विकला नाही. आपण विकले तर त्यांना काय वाटेल?"

बारकी म्हणाली, "मी कुठे म्हटलं विका? दुसरा गाळा बघेन. नाहीतर बंद करेन. वय झालंच की."

"गप्प बसा दोघं," आई म्हणाली. पंच्याऐंशी वर्षांची बाई, पण आवाज खणखणीत. "त्यांना काय वाटेल म्हणे! तुला काय ठाऊक रे? हिचं ते शिकायचं पत्र आलं ना, तेव्हा तुझे बाबा दलालाकडून विकायचा फॉर्म घेऊन आले होते. माझी सही घेतली, स्वतः केली. तीन दिवस खिशात घेऊन फिरत होते."

बारकीने पदर बोटाला गुंडाळला होता, तो तसाच राहिला. "मग दिला का नाही?"

"तू म्हणालीस नाही जायचं! मी म्हटलं, अहो, पोरगी खोटं बोलतेय, सरळ विचारा तिला. तर म्हणाले, जबरदस्ती नको, तिला हवं असेल तर मागेल. चौथ्या दिवशी फाडला फॉर्म. आणि त्या रात्री जेवले नाहीत." आईचे डोळे भरून आले. "मी तरी का नाही बोलले गं? मलाही सवयच लागली होती, गप्प बसायची."

दादाने हातातले कप परत टेबलावर ठेवले.

बारकी रडायला लागली. साठ वर्षांची बाई, शाळकरी पोरीसारखी हमसून हमसून. चाळीस वर्षं ती मनातल्या मनात बाबांना माफ करत आली होती, आणि माफ करण्यासारखं त्यांनी काही केलंच नव्हतं.

आईने तिला रडू दिलं. मग म्हणाली, "गाळ्याला माझी ना नाही. पण मी आपणहून देणार नाही. तोंडाने माग."

"आई, अगं, असं काय..."

"माग म्हणते ना!"

बारकीने नाक पुसलं. ओठ दोनदा हलले, शब्द फुटेना. दादा दुसरीकडे बघत होता, पण त्याचेही कान इकडेच होते.

"आई," ती शेवटी म्हणाली, "मला पैसे हवेत."

"किती?" आईने विचारलं, आणि चष्मा शोधायला लागली.