फुंकर आणि चीर

सायकल दुरुस्तीच्या दुकानात त्या सकाळी कुणाचंही पंक्चर निघत नव्हतं. सगळी गर्दी फुंकर मारून आजार घालवणाऱ्या फुंकरमहाराजांभोवती होती. मधल्या बाकावर माझे काका उताणे पडले होते, डोळे गच्च मिटून. त्यांच्या जांघेत लिंबाएवढा फुगवटा आला होता.

"वारा वाट चुकलाय," महाराजांनी निदान केलं. "आमची फुंकर त्याला घरी पोचवते." त्यांनी काकांना गुडघे दुमडायला लावले, फुंकर मारली, हलकेच दाबलं. फुगवटा गायब. लोक थक्क झाले. शेजारचा न्हावी तर सदरा वर करून आपली फुगलेली बेंबी घेऊन पुढे सरसावला.

काकांची शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी होती. ते आता पडल्या पडल्याच डॉक्टरांना नको म्हणून कळवायची भाषा करू लागले. गेल्या वर्षी माझ्या वडिलांनीही असंच कळवलं होतं.

मी वाद घातला नाही. कोपऱ्यातला चिरलेला टायर उचलला. चिरेतून ट्यूब फुग्यासारखी बाहेर आली होती. थोडी हवा सोडली, फुगा आत गेला.

"काका, झाला ना टायर बरा?"

"खुळी आहेस का? हवा भरली की येईल पुन्हा बाहेर. चीर तशीच आहे ना..." ते मध्येच थांबले.

"आता उभे राहा आणि खोका."

काका खोकले. वारा घरून परत आला. न्हाव्याने गुपचूप सदरा खाली ओढला.

यांची श्रद्धा कमी पडली, असं महाराज म्हणाले. गर्दीतून पुढे येत काकू म्हणाली, "यांची श्रद्धा कमी पडली आणि तुमची फुंकर. टाके मात्र डॉक्टरच घालतील."

काकांना झाला होता तो हर्निया म्हणजे एवढंच: पोटाच्या भिंतीत फट पडते आणि आतला भाग तिथून डोकावतो. जांघेत, बेंबीशी, जुन्या शस्त्रक्रियेच्या जागी. एक प्रकार छातीकडे सरकतो, तो बाहेरून दिसतही नाही. आडवं झालं की दाब कमी होतो आणि बरेचदा फुगवटा आपसूक आत जातो. पण तो घट्ट झाला, आत जाईना, दुखू लागला, उलट्या सुरू झाल्या, तर ताबडतोब रुग्णालय गाठायचं. वडिलांचं तसं झालं तेव्हा ते फुंकरीची वाट बघत राहिले आणि वाचले नाहीत.

शस्त्रक्रिया करून काका घरी आले. वडिलांच्या फोटोसमोर जाऊन बसले. मग म्हणाले, "दादाला कुणी खोकायला सांगितलंच नाही गं."

म्हणून सांगते. फुगवटा नाहीसा झाला की हात जोडण्याआधी एकदा विचारा: चीर बुजली का?