पाचवी सवाष्ण

सीमंतिनीचा एम. ए.चा शेवटचा पेपर, नीतिशास्त्राचा, मंगळवारी अकराला होता, आणि घरातलं बोडणही त्याच मंगळवारी. दिराचं, हेमेंद्रचं, लग्न होऊन आठवडा झालेला, आणि नवी जोडी रात्रीच्या गाडीने पुण्याला निघायची. तेव्हा कुलदेवीचं हे कार्य पुढे ढकलायची सोय नव्हती. बोडणाला पाच सवाष्णी हव्यात, त्याही आपल्यातल्या. ग्वाल्हेरात त्या जमवायच्या म्हणजे नाकी नऊ येतात. तरी सासूबाईंनी, सुमनताईंनी, जमवल्या होत्या. "तुझ्यावाचून पाच होतात. तू बिनघोर जा," असं त्या सुनेला म्हणाल्याही होत्या.

प्रांजलीला पाजता पाजता सीमंतिनी वर्षभर मोठ्याने वाचत आली होती: हेतू, सत्य, कर्तव्य. पोरीला ती अंगाईच वाटे. 'कर्तव्या'पाशी डोळे मिटायचे.

मंगळवारी सकाळी कुमुदिनीकाकूंचा फोन आला. आजच अडचण आली म्हणे, शिवता येणार नाही.

सुमनताई रागावल्या नाहीत, तेच वाईट झालं. पेपर काय पुढच्या वर्षी देता येतो, म्हणाल्या, देवीला थांब म्हणता येत नाही. नवऱ्याकडे बघावं तर राघव बूट चढवत होता. तुझं तू बघ, घरात क्लेश नको, एवढं पुटपुटून त्याने स्कूटर काढली आणि जयेंद्रगंजच्या गर्दीत दिसेनासा झाला.

सुटायला एक वाक्य पुरलं असतं. मलाही आत्ताच अडचण आली. कोण तपासायला येतंय? प्रांजलीला न्हाऊ घालताना ते वाक्य जिभेवर आलंसुद्धा. पण खोटं बोलून जायचं आणि तिथे बसून सत्यावर पानं भरायची, हे तिच्या गळी उतरेना. मग वर्षभर वाचलं ते कशाला?

"बसते मी," ती म्हणाली.

परातीत देवी ठेवली. दूध, दही, तूप, मध, साखर, पुरण पडलं आणि पाच जणींचे उजवे हात कालवू लागले. शेजारची तन्वी कुमारिका म्हणून बसली होती. रीतीप्रमाणे सगळ्या तिला विचारत होत्या, आणखी काय हवं? तन्वी मध मागे, मध मिळे. अकरा वाजून गेले. सीमंतिनीचं मनगट तुपाने माखलं होतं, पण मान ताठ होती. तिला वाटलं, पेपर आपण इथेच दिला, आणि बरा गेला.

दुसऱ्या दिवशी सासूसुना देवळात गेल्या, तर गाभाऱ्यापाशी कुमुदिनीकाकू, हातात ओटीचं ताट. सीमंतिनी बघतच राहिली. काकूंना हसू आवरेना. भोपाळची भाची आली होती, इंदरगंजला साड्या बघायचं ठरलं होतं.

"अगं पगली, तूपण तेच सांगायचंस. सगळ्या सांगतात."

सीमंतिनीने सासूकडे पाहिलं. सुमनताई नारळाची शेंडी सोलत होत्या. त्यांना नवल वाटलेलं दिसत नव्हतं.

"तू तसंच काही सांगशील असं धरूनच चालले होते मी," त्या म्हणाल्या. "मुरारच्या शामलाला तयारही ठेवलं होतं. तू बसते म्हणालीस, मग तिला नको म्हणून कळवलं."

कडेवर प्रांजली पेंगुळली होती. सवयीने आईच्या ओठांवर बोटं ठेवून ती शब्दांची वाट बघत होती. सीमंतिनीला एकही आठवेना.