शेंदराखालचं शिसं

अलीमभाईचं दुकान भिंगारला. तराजूचा काटा नीट करायचा, झिजलेल्या वजनांत शिसं भरायचं, हा त्याचा सरकारमान्य धंदा. पण अलीकडे हाताला काम कमी आणि तोंडाला जास्त झालं होतं. सरकारनं एक नियम काढावा, अलीमनं तो गावोगावच्या दुकानदारांच्या गळी उतरवावा, तोवर दुसरा नियम दारात उभा. मापट्यानं विकू नका, तोलून विका. दगड टाका, लोखंडी वजनं घ्या. घेतली? मग दर साली शिक्का मारून घ्या. लोकांना राग येई नियमाचा. पण नियमाला तोंड ना डोळे. मग तोंड-डोळे असलेल्या अलीमवर तो निघे.

"आलं सरकार!" मिरजगावच्या बाजारात शिरताच मच्छिंद्र हॉटेलवाला ओरडायचा. "आज काय बंद करताय भाई? श्वास घ्यायचा ठेवलाय का चालू?"

आज चावडीत शिक्क्याचा कॅम्प होता. वजनमाप खात्याचे साहेब नगरहून दुपारच्या गाडीनं येणार होते. त्याआधी जमेल तेवढ्यांची वजनं पाहून घ्यावी म्हणून अलीम सकाळच्या एस्टीनंच आला. पहिल्यांदा गेला तो हायवेकडेच्या लिंबाखाली, गोजरबाईकडे. गोजरबाई तिथंच भट्टीवर फुटाणे-शेंगदाणे भाजून विकायची. दुष्काळानं बाजार सुकला होता, पण खडी फोडायच्या कामावरची माणसं येता-जाता तिचे फुटाणे पदरात बांधून नेत. नवरा गेल्यापासून त्या फुटाण्यांवरच घर चाललं होतं. गेल्या साली अलीमच्याच सांगण्यावरून तिनं दारची शेळी विकून तराजू आणि वजनं घेतली होती. आज तिची तरी काळजी नाही, असं मनाशी म्हणतच तो पुढं झाला. ती तोलता तोलता गुणगुणत होती :

काळं काळं लोखंड, ल्यालं शेंदराचं लेणं
पारड्यात बसलं गं, माझ्या लेकरांचं खाणं

अलीमनं पारड्यात पाहिलं. वजनं शेंदरानं लालभडक झाली होती. देवळाबाहेरच्या म्हसोबासारखी.

"मावशी, हे काय केलंस?"

"काय केलं? तुमीच म्हनला न्हाई का, लोखंडाला गंज चढू देऊ नको, सरकारचा शिक्का हाय, जीवापाड जप. दसऱ्याला तेलात शेंदूर कालवला अन् लावला. तवाधरनं दर शनवारी हात फिरवते. बगा की, गंजाचा ठिपका हाय का कुठं?"

गंज नव्हता. अलीमनं कपाळावर हात मारून घेतला. वजनाच्या पोटात एक भोक असतं, त्यात शिसं भरलेलं असतं, आणि शिक्का त्या शिशावर मारतात. ते शिसंच शेंदराखाली गडप झालं होतं. वरून या पुटांनी वजन किती वाढलं, ते वेगळंच.

"खरवडून काढ. आत्ताच्या आत्ता. साहेब यायच्या आत."

गोजरबाईनं वजन पदराआड घेतलं. "देवाला खरवडू? दसऱ्याला पूजलेलं हाय ते."

"अगं, देव न्हाई, वजन हाय ते! जप्त करतील. मग काय ओंजळीनं विकशील?"

"तुमी सांगितलं मापटं टाक, टाकलं. शेळी वीक, विकली. गंज चढू देऊ नको, न्हाई दिला. आता म्हंता देव खरवड. एकदा सांगता ते शेवटचं का न्हाई सांगत वो तुमी?"

मला तरी कोण शेवटचं सांगतं, असं अलीमच्या ओठाशी आलं होतं. ते गिळून तो पुढच्या दुकानाकडे गेला. पण दिवसभर त्याचं लक्ष लिंबाखालीच.

दुपारी चावडीत टेबल मांडलं गेलं. हातोडीचे टक् टक् आवाज सुरू झाले. गोजरबाईचा नंबर आला तेव्हा साहेबांनी वजन उचललं, बोटं लाल झाली, तसं घाईघाईनं खाली ठेवलं.

"बाई, याचं शिसं कुठाय?"

"आत हाय, साहेब."

"आत असून काय उपयोग? दिसलं पाहिजे. साफ करून द्या, नाहीतर हे जप्त करावं लागेल."

"तुमी करा साफ."

साहेबांनी शिपायाकडे पाहिलं. शिपाई एक पाऊल मागं सरला. "साहेब, माझा शनिवार असतो. दुसरं काही सांगा." साहेबांनी खिशातून रुमाल काढला, बोटं पुसली, पण स्वतः पुढं झाले नाहीत. चावडीत माणसं गोळा झाली होती. कुणीच पुढं येईना. तेवढ्यात मागून मच्छिंद्र हसत बोलला,

"अहो, अलीमभाईंना सांगा की! त्यांना कुठं पाप लागतंय!"

हसू पिकलं. वाईट बुद्धीनं कुणी हसलं नाही. सोपा मार्ग सापडला म्हणून हसली माणसं. साहेबांनाही हायसं वाटलं. "हो हो, अलीम, तुमचं कामच आहे ते."

अलीमचे कान तापले. सरकारचं ओझं मी वाहायचं, शिव्या मी खायच्या, आणि आता गावाचं पापही माझ्याच झोळीत. याच गावच्या भैरोबाच्या घंटेचं कडं त्यानं बसवून दिलं होतं, पैसाही न घेता. तेव्हा कुणी त्याला वेगळा धरला नव्हता. मनात आलं, पिशवी उचलावी आणि गाडी धरावी. पण आपण गेलो तर वजनं जप्तीच्या पोत्यात जातील, आणि उद्या लिंबाखालची भट्टी थंड. त्यानं पिशवीतून पटाशी काढली. वजन डाव्या हातात घेतलं.

पटाशी शेंदराला टेकणार तोच त्याचं मनगट कुणीतरी धरलं. गोजरबाई.

"त्यांनी का?" ती सगळ्यांकडे वळून म्हणाली. आवाज चावडीभर गेला. "माझ्या हातानं लावला, माझ्या हातानं काढीन. सगळे मागं सरता अन् एका मान्साला फुडं ढकलता व्हय रं? पाप लागायचं तर मला लागंल. देव मला वळखतो."

मच्छिंद्र पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरू लागला.

ती खाली बसली. पटाशी तिला धरता येईना, मग नखानं, मग पदराच्या टोकानं. ओठ हलत होते, ओवी मात्र नव्हती. निघालेला शेंदूर तिनं कणाकणानं फुटाण्याच्या पुडीच्या कागदावर गोळा केला. खालून काळं लोखंड निघालं, आणि त्याच्या पोटात करडं, मऊ शिसं.

साहेबांनी वजनं तोलली. बरोबर भरली. हातोडी पडली. टक्.

परतताना अलीम तिच्या मागोमाग लिंबापर्यंत आला. तिनं पारड्यात वजन ठेवलं. उघडं, काळं, पोरकं.

"पुढल्या साली पुना?" तिनं विचारलं.

"पुना."

"मग दसऱ्याला शिशाची तेवढी जागा सोडून लावते शेंदूर."

वजन वाढतं गं, तेही नियमात बसत नाही, असं सांगायला अलीमनं तोंड उघडलं. आज आणखी एक 'नाही' त्याच्याच्यानं बोलवेना. पण न बोलून कसं चालेल?

"फूल वाहा, मावशी," तो हळूच म्हणाला. "तोलताना बाजूला काढून ठेवता येतं."

गोजरबाईनं त्याच्याकडे पाहिलं, मग समोरच्या तडकलेल्या माळाकडे.

"प्यायला पानी न्हाई, अलीमभाई. फूल कुटून आनू?"

खडीच्या कामावरून सुटलेली माणसं रस्त्यानं येत होती. अलीमनं पिशवी खांद्याला लावली. गाडीला वेळ होता, तरी तो निघाला.