बिनदोरीचं फडकं

"अहो दादा, हाणताय काय असे! गाडी आहे ती," डॉक्टरबाई कळवळून म्हणाल्या.

"हाणत नाहीये. समजूत घालतोय," गाडीखालून आवाज आला. "नऊ वर्षांचा गंज आहे. सरळ सांगून ऐकणार नाही."

"मीसुद्धा पेशंटला असंच सांगते, दाढ काढताना."

दादा हसला आणि जुन्या सायलेन्सरच्या शेवटच्या बोल्टवर त्यानं आणखी दोन घाव घातले. बोल्ट तुटला. काळा, भोकं पडलेला सायलेन्सर रबरी कड्यांत लोंबकळू लागला. दादानं कड्यांना साबणाचं पाणी लावून एकेक सोडवली आणि ते धूड अलगद खाली उतरवलं. शेजारी फरशीवर नवा सेट मांडून ठेवलेला होता. चकचकीत, जुन्याच्या दीडपट जाड. डॉक्टरबाईंनी तो मागवून घेतला होता, कारण गाडी ओढत नव्हती. चढावर मागून सायकलवाले घंटी वाजवतात, अशी त्यांची तक्रार होती. दातांच्या डॉक्टर असल्या तरी कोपऱ्यावरच्या चार गाडीवाल्यांचं ऐकून त्यांनी निदान पक्कं केलं होतं: टर्बोच्या गाडीला श्वास सोडायला मोठी वाट हवी, जुना सायलेन्सर काढा, मोठा लावा.

दादाला ते पटलं होतं. निदान नाकारण्यासारखं काही नव्हतं त्यात. टर्बो म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा. धूर बाहेर जाताना तो पंखा फिरवतो, म्हणून धुराची वाट मोकळी असली की पंखा खुशीत असतो. हे तो गिऱ्हाइकांना तीस वर्षं सांगत आला होता आणि प्रत्येक वेळी आपणच शोध लावल्यासारखं सांगत होता.

"गाडी बाबांची ना तुमच्या? हेडमास्तरांची?"

"हो. आता त्यांना दिसत नाही नीट, म्हणून मला दिली. म्हणाले, कामाला दादाकडेच ने, पण लक्ष ठेव." डॉक्टरबाई जरा थांबल्या, मग हसत म्हणाल्या, "बाबा म्हणतात, हिचा नवा टर्बो तुमच्या भावानं खाल्ला. खरं का हो?"

दादानं हातातला पाना खाली ठेवला.

"जुनी गोष्ट आहे," तो म्हणाला.

खरं म्हणजे त्या गोष्टीला तोच एक शेवट त्याला ठाऊक होता. नऊ वर्षांपूर्वी गॅरेज दोघा भावांचं होतं. दादा मालक, उस्ताद आणि बोलघेवडा. धाकटा कमी बोलणारा आणि उजेडासाठी बॅटरी धरणारा. म्हणजे कामं सगळीच करायचा तो, पण दादा एखाद्या गाडीत डोकं घालून बसला की हाक ठरलेली: "बॅटरी धर. हात हलवू नको." याच गाडीचा टर्बो तेव्हा बदलला होता. दुकानातून नवा टर्बो आणायला धाकटा एकटा गेला होता. बसवून दोन दिवस झाले आणि मास्तर परत आले: गाडी मुळीच ओढत नाही. दादानं टर्बोच्या तोंडाशी बोट फिरवलं. बोट काळं झालं. गॅरेजात चार माणसं उभी होती. त्या चौघांदेखत दादानं विचारलं, "हा नवा? नवा कुठं विकलास?"

धाकटा म्हणाला होता, "दादा, कूलरचा पाइप उघडून बघू एकदा."

"मला शिकवू नको," दादा म्हणाला होता.

धाकट्यानं हात पुसले, कामाचा डगला खिळ्याला अडकवला आणि तो गेला. तो डगला अजून तिथंच होता. आई गेली तेव्हाही दोघं दोन टोकांना उभे राहिले होते. मास्तरांनी मात्र नवा टर्बो घेतला नाही. "मला कुठं शर्यत लावायची आहे," म्हणाले आणि शाळा ते घर, घर ते शाळा, अशी ती गाडी गोगलगायीसारखी हाकत राहिले. चोराची गोष्ट मात्र त्यांनी दोन्ही ठिकाणी सांगितली.

दुपारपर्यंत नवा पाइप चढला. टर्बोला चिकटणारं तोंड, नवं गॅसकेट, सेन्सर जपून काढून जपून बसवला. सगळे नट आधी हातानं, मग मागच्या बंपरच्या मधोमध शेपूट येईपर्यंत पाइप डावी-उजवीकडे हलवून, मग पान्यानं. दादाचं काम असं बघत बसावं असंच होतं, आणि कुणी बघत असलं की ते आणखी चांगलं व्हायचं. गाडी सुरू झाली. घशातून खोल, भारदस्त आवाज आला. शेजारचा टायरवाला बाहेर येऊन बघायला लागला.

"वा!" डॉक्टरबाईंनी टाळी वाजवली.

दोघं गाडी घेऊन पुलाच्या चढावर गेली आणि पाच मिनिटांत परत आली. डॉक्टरबाईंचा चेहरा उतरला होता.

"नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा," त्या म्हणाल्या. "नुसतीच गर्जना. दादा, सायकलवाला पुन्हा पुढे गेला."

दादानं मनातल्या मनात हिशेब लावला. सायलेन्सरचा दोष नव्हता. टर्बोचाही नसावा, कारण त्याची शीळ त्यानं स्वतः ऐकली होती, स्वच्छ, धारदार. म्हणजे पंखा फिरत होता. मग हवा जात कुठं होती?

त्यानं बॉनेट उघडलं. "बाई, आत बसा आणि मी सांगेन तेव्हा ॲक्सिलरेटर दाबा."

टर्बोतून निघालेली हवा एका जाड रबरी पाइपातून पुढच्या कूलरमध्ये जाते, थंड होते आणि दुसऱ्या पाइपातून इंजिनात शिरते. दादानं पहिला पाइप मुठीत धरला. "दाबा." पाइप फुगून दगडासारखा झाला. मग त्यानं दुसरा पाइप धरला. "दाबा." तो मऊच राहिला, शिळ्या काकडीसारखा.

"बंद करा," दादा म्हणाला.

कूलरच्या तोंडाची पट्टी सैल करून त्यानं पाइप उपसला. बॅटरी दातांत धरली, आत बघितलं. काहीतरी काळं, दबलेलं बसलं होतं. लांब चिमटा घालून त्यानं ते ओढलं. आधी येईना, मग एकदम आलं, आणि हातात एक तेलकट बोळा पडला.

दादानं बोळा उलगडला. बाहेरून काजळ. आतल्या घडीत मात्र रंग शाबूत होता. पांढऱ्यावर निळे पट्टे.

तो पुढच्या चाकाला टेकून खाली बसला.

त्या पट्ट्यांवर तो लहानपणी झोपला होता. दोघा भावांची एकच गादी होती आणि तिची ही खोळ. गॅरेज काढलं तेव्हा आईनं ती जुनी खोळ फाडून फडकी करून दिली होती. काम करताना पाइपचं तोंड उघडं राहिलं तर नट-बोल्ट आत पडू नये म्हणून फडकं कोंबायचं, ही सगळ्याच गॅरेजांतली रीत. धाकट्याची रीत एक पाऊल पुढची होती. तो प्रत्येक फडक्याच्या कोपऱ्याला भोक पाडून लाल दोरी ओवायचा आणि दुसरं टोक बॉनेटच्या कडीला बांधायचा. फडकं विसरलं तर बॉनेट लागणारच नाही. दादा पोट धरधरून हसायचा. "म्हशीला दावं बांधतोस की काय? आपला हात विसरतो होय रे?" धाकटा म्हणायचा, "हाताचं नाही सांगत. डोक्याचा काय भरवसा?"

दादानं चारी कोपरे बोटांनी चाचपले. भोक नव्हतं. त्यानं पुन्हा चाचपले. एका कोपऱ्यावर काजळ जास्त होतं, ते थुंकीनं पुसून बघितलं. तिथंही भोक नव्हतं.

आणि मग तो दिवस त्याला लख्ख दिसला. धाकटा पट्टी आणायला गेला होता. फडकं दादानंच कोंबलं होतं, अंगठ्यानं खोलवर, त्याच्या सवयीनं. तेवढ्यात मास्तर आले होते आणि दादा त्यांना हातवारे करकरून सांगत होता की टर्बो म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा. सांगता सांगता पाइप चढवला होता. बोटाला लागलेलं काळं? नव्या टर्बोलाही दोन दिवसांत काजळी धरते. हे त्याला तेव्हाही ठाऊक होतं. त्याला जे बघायचं होतं, तेच त्यानं त्या बोटावर बघितलं होतं.

"काय निघालं?" डॉक्टरबाई वाकून विचारत होत्या.

"उंदीर," दादा म्हणाला. "उंदरानं घर केलं होतं."

"ई!" त्या दोन पावलं मागे सरल्या.

फडकं मुठीत होतं. मूठ खिशात घातली असती तर काम संपलं होतं. गाडी आता पळाली असती, बाई खूश, सायलेन्सरचं नाव झालं असतं आणि नऊ वर्षांची गोष्ट होती तशी राहिली असती. दादानं मूठ खिशापर्यंत नेलीसुद्धा. समोर खिळ्यावर तो डगला होता.

"उंदीर नाही, बाई," तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "फडकं आहे. माझं. मी विसरलो होतो, नऊ वर्षांपूर्वी."

डॉक्टरबाईंना समजायला जरा वेळ लागला. मग त्यांचा हात तोंडाशी गेला. "म्हणजे टर्बो..."

"नवाच आहे. तेव्हाही नवाच होता."

"पण बाबा तर अजून सगळ्यांना..."

"त्यांना फोन लावा."

हेडमास्तरांना दिसायचं कमी आणि ऐकू यायचं त्याहून कमी. दादा आधी हळू बोलला, मग मोठ्यानं, मग ओरडून.

"मास्तर, माझ्या भावानं काही चोरलं नव्हतं!"

"काय?"

"चोरलं नव्हतं! चूक माझी होती! फडकं मी विसरलो! माझा भाऊ चोर नव्हता!"

टायरवाल्याचा हातोडा थांबला. समोरचा चहावाला किटली हातात घेऊन तसाच उभा राहिला. मग मास्तर शाळेतल्या आवाजात म्हणाले, "मग हे मला काय सांगतोस? त्याला सांग."

धाकट्याचं दुकान दादाला माहीत नव्हतं असं नाही. नऊ वर्षं तो त्या रस्त्यानं पलीकडच्या बाजूनं जात होता. कपडे धुण्याची मशीनं दुरुस्त करायचं दुकान, एक दार, एक बाक. त्या दुपारी, गाडी चढावर पळवून बाईंच्या हवाली केल्यावर, दादा पहिल्यांदा अलीकडच्या बाजूला आला, कपडे न बदलता, काळ्या हातांनी.

बाकावर एक म्हातारी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. धाकटा आडव्या पाडलेल्या मशीनसमोर गुडघ्यांवर होता. केस पिकले होते त्याचे. दादाला धक्का बसला. त्याच्या डोक्यात धाकटा अजून तेवढाच होता.

धाकट्यानं वर बघितलं. उठला नाही.

"मास्तरांची गाडी आली होती," दादा म्हणाला. रस्ताभर घोकलेलं सगळं त्यातच संपलं. त्यानं फडकं पुढे केलं. "कूलरच्या पाइपात होतं. तू म्हणाला होतास, उघडून बघू."

धाकट्यानं फडकं घेतलं. निळे पट्टे बघितले. मग एकेक कोपरा बोटांत धरून चाचपला, चारही.

"दोरी नाही," तो म्हणाला.

"नाही. माझंच आहे." दादानं काळे हात पँटीला पुसले. "मी सगळ्यांदेखत बोललो होतो. आज गल्लीत सगळ्यांदेखत सांगून आलोय. उशीर झाला. फार उशीर झाला रे."

धाकट्यानं फडकं उलटून बघितलं.

"गाडी ओढते आता?"

"ओढते."

"हं."

म्हातारी एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती. न राहवून तिनं विचारलं, "कोण रे हे?"

धाकट्यानं खणातून टोचा काढला. फडक्याच्या कोपऱ्याला भोक पाडलं. रिळावरची लाल दोरी हातभर तोडून ओवली, गाठ मारली, ओढून बघितली.

"पूर्वी यांच्याकडे कामाला होतो," तो म्हणाला.

दादा दारातच उभा होता. बस, असं कुणी म्हणालं नव्हतं. जा, असंही कुणी म्हणालं नव्हतं. धाकट्यानं मशीनचा पाइप सोडला, उघड्या तोंडात ते फडकं घातलं आणि दोरीचं दुसरं टोक मशीनच्या दाराला बांधलं. मग डोकं आत घातलं. आत अंधार होता.

"ती बॅटरी धर जरा," आतून आवाज आला.

फळीवर बॅटरी होती. दादानं ती घेतली, वाकला आणि उजेड आत पाडला.

"हात हलतोय."

दादानं दुसऱ्या हातानं आपलं मनगट घट्ट धरलं.