हुकुमाआधीची टक्

मित्रांनो, मी एक जुनी थ्री-नॉट-थ्री रायफल आहे. पण 'जुनी' हा शब्द माझ्यासमोर जरा ताठ उभं राहून उच्चारा. ऐंशी वर्षांपूर्वी बंगालमधल्या एका कारखान्यात माझी नळी घडली, तिला अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता जडला आणि मी फौजेत भरती झाले. मी बर्फ पाहिला, वाळू पाहिली, चिखलात तर मनसोक्त लोळले. माझ्या शिपायाने मला कधी अंतर दिलं नाही आणि मीही त्याला ऐनवेळी दगा दिला नाही.

पुढे नव्या बंदुका आल्या. माझी नळी कायमची बुजवली गेली आणि मी चेन्नईत, गिंडीच्या माजी सैनिकांच्या एका संघटनेत आले. आता गोळी नाही, पण मान आहे. दरवर्षी स्मृतिदिनाला आम्ही सात रायफली रांगेत असतो. समोर शहीद झालेल्या जवानांच्या आया बसतात. हुकूम झाला की सात चाप एकदम ओढले जातात आणि सातांची मिळून एकच 'टक्' उमटते. त्या एका आवाजासाठी मी वर्षभर कपाटात थांबते.

यंदा तालमीत माझं नाक कापलं गेलं. चापाला बोटही लागलं नव्हतं, तरी हुकुमाआधीच माझी 'टक्' झाली. एकदा नव्हे, तीनदा.

"नवी स्प्रिंग घालून पाहिली, तरी तेच," सचिव व्यंकटेश म्हणाले. "यंदा सहाच उभ्या करू. हिला गुम्मिडिपूंडीच्या भंगार वितळवणाऱ्या भट्टीत देऊन टाकू."

हे ऐकून बालाजीरावांचा चेहरा उतरला. ते इथलं भांडार सांभाळतात, तंजावरकडचे मराठी. चाळीस वर्षं माझी देखभाल त्यांच्याच हातची. "रविवारपर्यंत थांबा," ते म्हणाले. "आमच्या हरिप्रियाला दाखवतो."

हरिप्रिया त्यांची नात, जवळच्याच एका वर्कशॉपमध्ये फिटर. आजोबांना ती ताता म्हणते. रविवारी सकाळी तिने मला टेबलावर जुन्या धोतरावर निजवलं आणि चापाचे सुटे भाग काढून ओळीने मांडले.

बालाजीरावांनी कानस पुढे केली. "पिन अडवून धरणारा आतला दात झिजला असेल गे अम्मा. थोडं घास, म्हणजे धरेल."

"नक्को ताता. घासलेलं परत भरून येत नाही. आधी धुऊन बघू."

तिने तो दात घासलेटात बुडवला. थोड्या वेळाने वर पिवळट खपल्या तरंगू लागल्या. तिने एक खपली बोटावर चोळून हुंगली आणि आजोबांकडे पाहिलं. "ताता, हे चंदन आहे."

मला ते ठाऊक होतं, पण बोलणार कशी? दर आयुधपूजेला बालाजीराव मोठ्या भक्तीने चंदनकुंकू लावायचे. तेही दस्त्याला नाही, थेट चापाला. काम चाप करतो, मग मान त्यालाच, असा त्यांचा हिशेब. वरून तेलही मायेने सोडायचे. चाळीस वर्षांचा तो थर आत उतरून दगडासारखा घट्ट झाला होता. दात पुरता वर येईना, मग जी पिन धरायची तीच निसटायची.

बालाजीराव खुर्चीत बसले. "म्हणजे मीच केलं की हे."

हरिप्रियाने भिंगाखाली दात न्याहाळला. "केसाइतकाही झिजला नाही, ताता. चाळीस वर्षं तेल कोणी घातलं? तुम्हीच. सरी, ठीक आहे, आता तो ब्रश द्या."

मित्रांनो, मला छाती असती तर तेव्हा ती फुगली असती. ऐंशी वर्षांची मी, आणि दात शाबूत! तिने माझी जुनीच स्प्रिंग परत बसवली आणि वीस वेळा बोल्ट जोरात आदळून पाहिला. एकदाही दात सुटला नाही.

स्मृतिदिनाला बालाजीराव मागच्या रांगेत डोळे मिटून उभे होते. हुकूम झाला. टक्. त्यांनी डोळे उघडले आणि शेजाऱ्याला विचारलं, "आमची वाजली का?" शेजारी म्हणाला, "कुठली तुमची? मला तर एकच ऐकू आली." बालाजीरावांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. इतकी मोठी शाबासकी मला रणांगणावरही मिळाली नव्हती.

तेव्हा मित्रांनो, आपल्या वस्तूंची पूजा जरूर करा, पण त्या उघडून पुसायलाही शिका. परवाच्या आयुधपूजेला बालाजीरावांनी चंदनाचा टिळा माझ्या दस्त्याला लावला आणि आरती होताच ओल्या फडक्याने स्वतःच पुसून टाकला.