सलोनीच्या मापाचं हेल्मेट

"माणसाचं डोकं ही विश्वातली सगळ्यात मोलाची वस्तू हाय," असं महाडच्या बाजारपेठेत काशीरामशेटच्या दुकानात उभं राहून महिपतमामांनी जाहीर केलं आणि ती मोलाची वस्तू समोरच्या लाल हेल्मेटात घातली. आत गेली खरी, पण बाहेर येईना.

काशीरामशेटने काउंटरवरून वाकून हेल्मेट धरलं, भाच्याने, अनिलने, मामांची कंबर धरली, आणि थोड्या ओढाताणीनंतर ती वस्तू कानांसकट सुटली. हेल्मेटाच्या आतल्या पांढऱ्या अस्तरावर एक काळा पट्टा उमटला होता. स्थळाकडे जायचं असलं की मामा केस काळे करून जात. अनिलसाठी स्थळं बघता बघता अनिल चाळिशीला आला आणि मामा इतके काळेभोर झाले की यातला नवरामुलगा कोण, अशी चौकशी एकदोन घरी झाली होती.

"मामा, तुम्हाला एक्सएल लागणार," अस्तर पुसत काशीरामशेट म्हणाला. "त्याच्यावर मग घमेलंच. बाईक कुठली आहे?"

"बाईक नाय. चारचाकी हाय," अनिल म्हणाला.

काशीरामशेटने फडकं खाली ठेवलं.

"चारचाकीला हेल्मेट?"

"टप नाय तिला."

"उडाला?"

"नव्हताच. पुढची काच पण नाय."

"मग आहे तरी काय?"

"बाकी सगळं हाय," मामा अभिमानाने म्हणाले.

ते खरं होतं. अनिल औद्योगिक वसाहतीत एका ठेकेदाराकडे फिटर होता. गाडी दक्षिणेतून कुठूनशी लाकडी खोक्यांतून सुटी सुटी आली होती. इंजिन भंगारातल्या एका व्हॅनचं होतं. शिवथरच्या खोऱ्यातल्या आपल्या वाडीत, रिकाम्या गोठ्यात, रजेच्या दिवशी एकेक नट आवळत त्याने ती जोडली. तिचं पासिंग होणार नव्हतं, हे त्याला पहिल्या खोक्यापासून माहीत होतं. त्यामुळे गाडी वाडीतून निघायची, खालच्या ओढ्यावरच्या पुलापर्यंत जायची आणि परत यायची. तेवढ्यात डोळ्यांत चिलटं जात आणि तोंडात रस्त्याची अर्धी धूळ. वाडीतली माणसं म्हणत, येवढ्या खटपटीत बायको झाली असती. सल्ला बरोबर होता, फक्त बायको खोक्यांतून येत नव्हती. मुलीचे वडील दोनच गोष्टी विचारत: मुंबईत खोली आहे का आणि नोकरी पर्मनंट आहे का. दोन्हींना नाही म्हटलं की आतून चहा फार लवकर यायचा.

सलोनीच्या घरी मात्र चहाला उशीर झाला. पोलादपूरला औषधांच्या दुकानात कामाला जाणारी ही मुलगी खाली मान घालून बसली नव्हती. तिने विचारलं, "गाडीला टप नाय म्हणता, मग केसांचं काय करायचं?"

"हेल्मेट घालायचं," अनिल म्हणाला.

"मग माझ्या मापाचं आणा," असं म्हणून ती हसली होती.

तेव्हापासून शिफ्टला, बसमध्ये, जेवताना, अनिल ते एक वाक्य चघळत होता. इतक्या वर्षांत त्याच्याकडे कुणी काही मागितलं नव्हतं. होकार आल्याशिवाय मुलाने पुन्हा त्या घरची पायरी चढायची नसते, म्हणून त्याने मामांना पाठवलं, आणि सोबत दिला पांढरा दोरा. तिने तो डोक्याभोवती धरायचा आणि पुरेल तिथे गाठ मारायची. मामा काल जाऊन आले. दोऱ्याला गाठ होती.

"काय म्हणाली?" अनिलने विचारलं होतं.

"म्हणायचं काय? गाठ मारली नाय का?" मामा म्हणाले होते, आणि दमलोय सांगून न जेवता झोपले होते.

"हे घ्या. पूर्ण बंद," काशीरामशेटने एक जड हेल्मेट पुढे केलं. "चिलट सोडा, माशीचा आवाज आत येणार नाही."

अनिलने ते घातलं. आतून काहीतरी म्हणाला.

"काय?" काशीरामशेट ओरडला.

अनिल पुन्हा काहीतरी म्हणाला. मग त्याने हेल्मेट काढलं.

"हे नको. शेजारच्या माणसाशी बोलता आलं पायजे. तोंड उघडं असलेली दोन दाखवा, पुढं काचवाली."

"काय बोलायचंय येवढं?"

अनिलने मनापासून विचार केला.

"ते अजून ठरवलं नाय," तो म्हणाला.

मामा वर पंख्याकडे बघत होते. पंखा बंद होता.

काशीरामशेटने उघडी हेल्मेटं मांडली. अनिलने प्रत्येकाची काच खालीवर केली, पट्ट्याचा चाप लावून सोडून बघितला, आतल्या गादीवर अंगठा दाबला. स्वतःसाठी त्याने पहिलंच ठेवलं. सलोनीसाठी, असं सांगून निळं बाजूला काढलं, मग आकाशी, मग पुन्हा निळं.

"तुझं झालं. त्यांचा साइज?" काशीरामशेटने विचारलं.

अनिलने खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली आणि पिशवीतून दोऱ्याचा गोल. एखाद्या सोनाराकडे द्यावा तसा त्याने तो काउंटरवर ठेवला. काशीरामशेटने तो ताणून टेपाला लावला. मग टेप उलटून दुसऱ्या बाजूने लावला.

"एक्सएल," तो म्हणाला.

"बघा नीट."

"नीटच बघतोय. हे बाईमाणसाचं माप?"

"आंबाडा धरून मोजलं आसंल," मामा घाईने म्हणाले.

"आंबाडा मागे असतो हो मामा. हेल्मेट इथं कपाळावर बसतं." काशीरामशेटने बोट स्वतःच्या कपाळाला लावून दाखवलं आणि बोटाकडे बघितलं. दोरा धरलेलं ते बोट काळं झालं होतं. दोराही मधेमधे काळा होता. "आणि हे काय?"

"काजळ आसंल."

"कपाळभर?"

"दिष्ट लागू नये म्हणून," मामा म्हणाले. पण आता त्यांच्या बोलण्यात दम नव्हता.

अनिलने दोरा उचलला. फेटा बांधणारा उभा राहतो तसा तो मामांच्या समोर उभा राहिला आणि दोन्ही हातांनी दोऱ्याचा गोल त्यांच्या डोक्यावर ठेवून हळूहळू खाली आणला. कपाळाच्या आठ्यांवरून, कानांच्या वरून, मागे मानेवरच्या उंचवट्यापर्यंत. कुठे सैल नाही, कुठे घट्ट नाही. गाठ बरोबर मामांच्या दोन भुवयांच्या मध्ये आली.

न्हाव्यासमोर बसलेल्या पोरासारखे मामा डोळे मिटून उभे होते. बाहेर एक एसटी हॉर्न देत गर्दीतून वाट काढत होती.

"अनिल, ते लोक..." मामांनी सुरुवात केली.

"ऱ्हाऊ द्या," अनिल म्हणाला. त्याने दोरा काढला, बोटावर गुंडाळला आणि खिशात टाकला. पिशवी काउंटरवरच राहिली.

काशीरामशेटच्या धंद्यात रोज डोकी बघायची असत, पण आत डोकावायची वेळ सहसा येत नसे. तो खाली वाकून खोकी शोधू लागला.

"मग दोन उघडी द्यायची ना?" खालूनच त्याने विचारलं.

"उघडं एकच. एक्सएलमध्ये. मला ते मघाचं बंद द्या."

"बोलायचं म्हणत होतास."

"आता नाय."

"एक्सएल नंतर परत घेणार नाही हां मी. आधीच सांगतो."

"परत नाय येणार ते," अनिल म्हणाला. "बंदवाल्याला काळी काच बसंल का?"

बसली.

उन्हं कलताना गाडी गोठ्यातून बाहेर निघाली. तिला दारं नव्हती. बाजूवरून टांग टाकून आत उतरायचं आणि जमिनीपासून वीतभर उंचीवर पाय लांब करून बसायचं, अशी तिची रीत होती. निळं एक्सएल घातलेले मामा आधी गुडघ्याने, मग पाठीने आणि शेवटी देवाचं नाव घेऊन आत गेले. अनिलने बंद हेल्मेट घातलं, काळी काच पाडली आणि इंजिन चालू केलं.

पुलापर्यंतच्या रस्त्यात मामा सगळं बोलले. आधी हात जोडून बोलले, मग हात हलवून. सलोनीचे वडील काय म्हणाले, पनवेलचं स्थळ कसं आधीच पक्कं झालं होतं, दोरा खिशातून काढायलाही कशी जागा राहिली नाही, आणि परतीच्या वाटेवर एसटीत बसल्या बसल्या त्यांना काय सुचलं, ते सगळं. तोंड उघडं असल्याने त्यांच्या तोंडात धूळ जात होती. ते थुंकत होते आणि पुन्हा बोलत होते. अनिल समोर बघून गियर बदलत होता. हेल्मेट चांगलं होतं. आत काहीच येत नव्हतं.

पुलावर त्याने इंजिन बंद केलं. दोघंही हेल्मेट घालून पुढच्या डोंगराकडे बघत बसले. मामांनी एकदा अनिलकडे मान वळवली, पण काळ्या काचेत त्यांना त्यांचंच निळं डोकं दिसलं. बऱ्याच वेळाने त्यांनी दारावर टकटक करावी तशी अनिलच्या हेल्मेटवर टकटक केली.

अनिलने काच वर केली. बंद हेल्मेटात चिलट शिरत नाही, तरी त्याचे डोळे लाल होते.

"अनिल."

"हं."

"रागावणार नाय ना? मघापासून तोंडावर येतंय, पण बोलायचा धीर होत नाय रे."

"बोला."

"मला जरा काखंत हात घालून भायेर काढ. लघवीला लागलीय."